तीन तबकड्या आणि एक विहीर

मे महिन्यात रत्नागिरीच्या आसपास कुठल्याही वाडीत संध्याकाळी एक हाक हमखास ऐकू येते, "पंप बंद केलास काय गो?" हाक येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. वरची टाकी भरून वाहत असते, जांभ्याच्या भिंतीवरून ओघळ उतरलेला असतो आणि तिकडे विहिरीत फूटव्हॉल्व्ह उघडा पडायला आलेला असतो. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारा हा मुलूख, पण जांभा सच्छिद्र, उतार समुद्राकडे. पाणी थांबत नाही. उन्हाळ्यात झरे बारीक होतात. मग थोडा वेळ उपसा करायचा, झऱ्यांना भरू द्यायचे आणि पुन्हा उपसा करायचा, अशी पाळी धरावी लागते. पाण्याचा हिशोब मिनिटांवर येतो.

हे मिनिटे मोजण्याचे काम यंत्रावर सोपवावे असे आता सगळ्यांनाच वाटते. बाजारात फोनवरून चालणारे वायफाय स्विच मिळतात. वळवाचा पहिला पाऊस आला, वीज गेली, इंटरनेट गेले की त्यांतले बरेचसे मुके होतात. एक यंत्र मात्र हेच काम अनेक दशके उन्हापावसात, धुळीत, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून करत आले आहे. ते म्हणजे चौकातल्या सिग्नलची नियंत्रक पेटी. शहरांची वाहतूक व्यवस्था बदलली की या पेट्या उतरवल्या जातात. मुंबईत जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या नागरी वाहतूक प्रकल्पात चौक एकमेकांना जोडून मध्यवर्ती संगणकाशी बांधले गेले; पुण्यातही सी-डॅक या संगणन संस्थेने विकसित केलेली नियंत्रणपद्धती आली. अशा प्रत्येक बदलात सुट्या चौकांसाठी केलेली वेळयंत्रे कालबाह्य होतात. त्यांना भंगारात तोलण्याआधी त्यांच्या आत काय आहे ते पाहायला हवे. कोकणातल्या घराला ज्या एका गुणाची सर्वांत जास्त गरज आहे, तो या पेट्यांमध्ये मुळापासून घातलेला आहे. तो गुण म्हणजे बिघडताना सुरक्षित बाजूला बिघडणे. ही सवय सिग्नलवाल्यांनी फार महागात शिकलेली आहे. लंडनच्या संसद भवनाजवळ १८६८ मध्ये गॅसच्या दिव्यांचा सिग्नल उभारला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याचा स्फोट झाला.

जुन्यांतली जुनी रचना आधी पाहू, कारण ती डोळ्यांना दिसते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यात चौकाचौकांत जी विद्युत-यांत्रिक पेटी असे, तिच्यात दोन मुख्य भाग होते. पहिली एक तबकडी. विजेवर चालणारी छोटी सिंक्रोनस मोटर दातेरी चाकांमधून ही तबकडी फिरवते. सिग्नलच्या एका आवर्तनात, म्हणजे हिरवा, पिवळा, लाल असे सगळे होऊन पुन्हा हिरवा येईपर्यंत, तबकडीचा एक फेरा पूर्ण होतो. तिच्या कडेला १०० खाचा असतात. एक खाच म्हणजे आवर्तनाचा एक टक्का. या खाचांत हाताने खुंट्या बसवायच्या. फिरता फिरता खुंटी एका संपर्कपट्टीला घासली की विजेचा एक झटका दुसऱ्या भागाकडे जातो. हा दुसरा भाग म्हणजे कॅम, म्हणजे उंचसखल कडेच्या चकत्या, बसवलेला एक आडवा दांडा. प्रत्येक झटक्याला तो एक घर पुढे सरकतो. दांड्यावर प्रत्येक दिव्यासाठी स्वतंत्र कॅम असतो आणि त्या कॅमच्या कडेचे तुकडे मोडून ठरवलेले असते की कोणत्या घरात हा दिवा पेटेल आणि कोणत्या घरात विझेल.

म्हणजे 'केव्हा' हे तबकडी ठरवते आणि 'काय' हे दांडा ठरवतो. ही फारकत मला फार मोलाची वाटते. वेळ बदलायची असेल तर खुंटी हलवा. दिव्यांच्या क्रमाला धक्का लागत नाही. वाटेल तशी खुंटी लावली तरी दोन्ही बाजूंना एकदम हिरवा होणार नाही, कारण तशी शक्यताच दांड्यावर कोरलेली नाही. लग्नघरात पूर्वी घटिकापात्र पाण्यावर सोडत. छिद्रातून पाणी भरून ते बुडाले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. पात्र वेळ सांगे, पण पुढे काय करायचे ते भटजींना ठाऊक असे. तबकडी हे पात्र आणि दांडा हे भटजी, असे समजले की ही पेटी कळली.

आता ही पेटी विहिरीशी कशी जोडायची? तबकडीचा फेरा साधारण एक-दोन मिनिटांचा, आणि आपल्याला तर पाऊण तासाची पाळी हवी. युक्ती सोपी आहे. तबकडीवर एकच खुंटी ठेवायची. मग दर फेऱ्याला दांडा एकच घर सरकेल. समजा फेरा १२० सेकंदांचा आहे आणि दांड्याला २० घरे आहेत, तर दांड्याचा पूर्ण फेरा ४० मिनिटांचा झाला. पंपासाठीचा कॅम सलग ६ घरांत चालू ठेवला की १२ मिनिटे उपसा आणि २८ मिनिटे विसावा. झरे आणखी मंदावले तर एक घर कमी करायचे. यात संगणक नाही, पासवर्ड नाही. घरातली कोणतीही शहाणी व्यक्ती पेटी उघडून डोळ्यांनी पाहू शकते की यंत्र या क्षणी कुठे आहे.

इथे एक गोष्ट जपायला हवी. सिंक्रोनस मोटर स्वतः वेळ मोजत नाही, ती विजेची आवर्तने मोजते. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपल्याकडे ५०. तिकडून येताना कोणी हौसेने असा टाइमर आणला तर, आधी १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावूनसुद्धा, तो इकडे पाच-षष्ठांश वेगानेच चालेल. ६० सेकंदांचा फेरा ७२ सेकंदांचा होईल आणि २४ तासांच्या तबकडीला दिवस पुरा करायला २८ तास ४८ मिनिटे लागतील. आपल्या देशी यंत्रातही वारंवारिता दिवसभर ४९.९० वर राहिली तर घड्याळ जवळजवळ तीन मिनिटे मागे पडते. वीज तासभर गेली तर ते तासभर मागे पडते, आणि जुलैच्या एखाद्या रात्री हा खंड तासावरच थांबेल असे नाही. म्हणून जुन्या तबकडीला घड्याळाची कामे सांगू नयेत, आवर्तनाची सांगावीत. सकाळी सहाला पंप सुरू कर, हे तिचे काम नाही. इतका वेळ चाल आणि इतका वेळ थांब, हे तिचे काम आहे. कलमांच्या रोपवाटिकेत दर काही मिनिटांनी थोडा फवारा द्यायचा असतो, तिथे तर ती चपखल बसते. वीज गेली तर ती होती तिथे थांबते, आली की तिथूनच पुढे निघते, आणि काहीच बिघडत नाही.

घड्याळाच्या कामांसाठी तिची चुलत बहीण आहे, रस्त्यावरच्या दिव्यांचा टाइम स्विच. ग्रामपंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या खांबांवरच्या पेट्यांत तो असतो. २४ तासांची तबकडी, कडेला प्रत्येकी १५ मिनिटांच्या ९६ खुंट्या. यातल्या क्वार्ट्झवर चालणाऱ्या जातीत आत बॅटरी असते; वीज गेली तरी ती वेळ धरून ठेवते. २०१५ मध्ये एलईडी पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नव्या दिव्यांबरोबर बऱ्याच ठिकाणी दुरून चालणारे मध्यवर्ती नियंत्रण आले आणि हे टाइम स्विच उतरू लागले. सिग्नलच्या पेटीपेक्षा हाच ऐवज आपल्या हाती येण्याची शक्यता जास्त. सकाळचे पाणी चढवायला याच्यासारखा गडी नाही. फक्त १५ मिनिटांपेक्षा बारीक काम त्याला जमत नाही.

पुढच्या पिढीच्या सिग्नल पेट्यांत तबकडी गेली आणि मायक्रोप्रोसेसर आला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी पुढे आणलेला १७० क्रमांकाचा नमुना मोटोरोलाच्या ६८०० या चिपवर चालत असे. आज त्या चिपला घरात काही काम देण्याचा खटाटोप करू नये असे माझे मत आहे. शंभर-दोनशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर तेच काम करतो, आणि त्याला डीएस३२३१ सारखी घड्याळाची चिप जोडली तर वर्षात जेमतेम मिनिटभराचा फरक पडतो. पेटीचे खरे धन तिच्या भोवताली आहे. गॅस्केट लावलेले जाड दार, तारा नीट बांधलेल्या टर्मिनलच्या ओळी, विजेच्या लोटाला तोंड देणारे संरक्षक, दिवे चालूबंद करणारे लोड स्विच. आणि या सगळ्यांहून महत्त्वाचा एक वेगळा डबा, संघर्ष-रक्षक.

हा रक्षक सिग्नल चालवत नाही. तो फक्त पाहतो. दिव्यांकडे जाणाऱ्या तारांवर प्रत्यक्ष वीज आहे का, हे तो सतत तपासतो. परस्परविरोधी दिशांचे हिरवे एकदम पेटलेले दिसले की अर्ध्या सेकंदाच्या आसपास तो मुख्य यंत्राच्या हातातून कारभार काढून घेतो आणि चौक उघडझाप करणाऱ्या दिव्यांवर टाकतो. त्याला प्रोसेसर काय म्हणतो याच्याशी कर्तव्य नाही, तारेवर काय आहे याच्याशी आहे. आणि एकदा पकड घेतली की तो स्वतःहून सोडत नाही. माणसाने येऊन, कारण पाहून, बटण दाबावे लागते. कोणत्या जोड्या एकत्र चालतील आणि कोणत्या नाहीत हे एका लहान कार्डावर डायोड काढून किंवा तारेचे तुकडे जोडून आधीच ठरवलेले असते.

घरात परस्परविरोधी हिरवे कुठून आले, असे वाटेल. मोजून पाहा. महावितरणची वीज आणि घरचा जनरेटर एकाच वेळी एकाच तारेवर येणे, हा सर्वांत घातक संघर्ष. उलटी गेलेली वीज खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर उठते. विहीर कोरडी आणि पंप चालू. टाकी भरलेली आणि पंप चालू. गीझर चालू आणि वरच्या टाकीत पाणी नाही. या जोड्या कागदावर मांडल्या की कार्ड तयार झाले. आजच्या घरगुती स्वयंचलनात मला उणीव दिसते ती हीच. एकच चिप निर्णय घेते, तीच अंमल करते, आणि तिचे चुकले तर ते पाहणारा दुसरा कोणी नसतो. जुन्या सिग्नलचा रक्षक जसाच्या तसा घरात बसेलच असे नाही, कारण तो त्या पेटीच्या व्होल्टेजसाठी बांधलेला असतो. पण त्याची रीत उचलता येते. पंपाच्या तारेवरचा प्रवाह पाहणारा एक स्वतंत्र रिले लावायचा. पंप कोरडा फिरू लागला की त्याचा प्रवाह उतरतो. ते दिसताच पंप तोडायचा, आणि माणूस विहिरीवर जाऊन पाहत नाही तोवर जोडायचा नाही.

दोन हिरव्यांच्या मध्ये सिग्नलवाले थोडा वेळ सगळीकडे लाल ठेवतात. चौकात अडकलेली गाडी बाहेर पडावी म्हणून. हीच पोकळी आपल्या आंबा बागायतदाराच्या पंपघरातही आहे. तिथला स्टार-डेल्टा स्टार्टर मोटर आधी स्टार जोडणीवर सुरू करतो आणि मग डेल्टावर नेतो; त्यात स्टार सुटल्यावर क्षणभर काहीच जोडलेले नसते, मग डेल्टा लागतो. ती पोकळी नसेल तर थेट शॉर्टसर्किट. विजेवरून जनरेटरवर जातानाही असाच 'सर्व लाल' काळ हवा. काही सेकंद घर अंधारात राहिले तरी चालेल.

लोड स्विचविषयी जरा सविस्तर सांगणे भाग आहे, कारण हौशी माणूस इथेच फसतो. तो दिव्यांसाठी बांधलेला असतो. पंपाची मोटर सुरू होताना चालतीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. म्हणून सिग्नलच्या स्विचने किंवा रिलेने मोटर कधीच थेट चालवू नये. त्याने फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे जड प्रवाह पेलणाऱ्या मोठ्या रिलेची, कॉइल ओढायची आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टरने घ्यायचा. दुसरे असे, की इलेक्ट्रॉनिक स्विच बिघडतो तेव्हा पुष्कळदा 'चालू' स्थितीत अडकून बिघडतो. दिवा अडकला तर बिल वाढते, पंप अडकला तर विहीर उपसली जाते आणि पंप जळतो. त्याच्या मागे टाकीतला फ्लोट स्विच स्वतंत्र तारेने हवाच. तिसरी गंमत एलईडी दिव्यांची. या स्विचमधून बंद असतानाही थोडी वीज झिरपते. पूर्वीच्या १०० वॉटच्या दिव्याला ती जाणवतही नसे. एलईडी मात्र तेवढ्यावर मिणमिणत राहतो. घरात भूत नाही, स्विचची गळती आहे. तिथे साधा रिले वापरावा.

सिग्नलकडून शिकण्यासारखी अजून एक बाब आहे आणि तिचा संबंध एका घराशी नाही, सगळ्या वाडीशी आहे. शेतीपंपांना ऑटो स्विच लावलेले असतात. वीज आली की पंप आपोआप सुरू. महावितरण हे स्विच काढायला सांगत आले आहे, त्याला कारण आहे. गेलेली वीज परत आली की एका रोहित्रावरचे सगळे पंप एकाच क्षणी पाच-सहा पट प्रवाह ओढतात आणि रोहित्र बसते. एका रस्त्यावरचे एकमेकांशी जुळवलेले सिग्नल असे करत नाहीत. पहिल्या चौकाचा हिरवा लागल्यावर ठराविक सेकंदांनी दुसऱ्याचा लागतो, मग तिसऱ्याचा. म्हणूनच गाड्यांना हिरव्यामागे हिरवा मिळत जातो. वाडीतल्या प्रत्येक घराने वीज आल्यानंतरचा थांबा वेगळा ठेवला, कोणी ३ मिनिटे, कोणी ८, कोणी १३, तर रोहित्रावर तोच उपकार होईल. एका जुन्या डिले टाइमरचे हे काम आहे. तो तर भंगारवाल्याकडे वजनावर मिळतो.

दिव्यांचा प्रश्न वेगळा, कारण तिथे सूर्याशी गाठ असते. रत्नागिरीत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या. सव्वा तासाचा हा फरक एका जागी रोवलेल्या खुंटीला कळत नाही. प्रकाशावर चालणारा सेन्सर लावावा तर आषाढात भर दुपारी तीनला आभाळ काळवंडते आणि पडवीतले दिवे लागतात. रत्नदुर्गावरच्या दीपस्तंभाकडे पाहताना मला स्वीडनच्या गुस्ताफ डालेनची आठवण येते. निर्मनुष्य दीपस्तंभांसाठी त्याने सूर्य-झडप शोधली. काळी दांडी उजेड शोषून चकचकीत दांड्यांपेक्षा जास्त प्रसरण पावते आणि गॅसचा मार्ग बंद करते. अंधार पडला की मार्ग उघडतो. यासाठी त्याला १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. घरासाठी दोन्ही एकत्र करावे. टाइम स्विचने 'पावणेसहाच्या आधी नाही' अशी अट घालायची आणि तिच्या आत सेन्सरने निर्णय घ्यायचा. दोन्ही स्विच एकामागे एक जोडले की ही अट तारेतच लिहिली जाते.

सिग्नलचे जुने डोकेही टाकू नये. २०० मिलिमीटरची लाल, पिवळी, हिरवी भिंगे भर उन्हात दुरून दिसावीत म्हणूनच घडवलेली असतात. मागच्या पडवीत, आगराकडे तोंड करून ते टांगले आणि आत कमी वॉटचे एलईडी बसवले की माडांना शिंपणे करणाऱ्याला पन्नास पावलांवरून कळते. हिरवा म्हणजे टाकी भरली, पिवळा म्हणजे पंप विसाव्यावर, उघडझाप करणारा लाल म्हणजे रक्षकाने पंप तोडला आहे, या. रस्त्याकडे मात्र ते चुकूनही वळवू नये. वळणावरच्या परक्या गाडीवाल्याला तो खरा सिग्नल वाटेल.

अशी पेटी मिळवायची तर नगरपालिकेचा किंवा महापालिकेचा रीतसर लिलाव, त्यातून माल उचलणारे नोंदणीकृत व्यापारी, पुण्याचा रविवार-बुधवारचा जुना बाजार, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, असे मार्ग आहेत. पावती घ्यावी. सिग्नलच्या पेट्यांतले साहित्य चोरीला जाते आणि चोरीचा माल घरात आणणे हा गुन्हा आहे. जुन्या पेटीत पाऱ्याचे रिले, निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या, तेलाचे मोठे कपॅसिटर असू शकतात. ते उघडू नयेत, फोडू नयेत, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्यावेत. २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. मुख्य वाटेवर गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग असल्याशिवाय ओल्या कोकणात यातले काहीही करू नये.

मग राहते आपली हवा. खाऱ्या वाऱ्याने तांब्याची टोके हिरवी पडतात, चांदीचे संपर्क काळे पडतात. ते सँडपेपरने घासू नयेत, वरचा पातळ मुलामा निघून जातो. जाड कोरा कागद दोन संपर्कांमध्ये धरून ओढला तरी पुरते. पेटी भिंतीपासून बोटभर पुढे, पावसाची झड येणार नाही अशा बाजूला, तारांची तोंडे खालून आत. उबेला मुंग्या येतात, पाली येतात, आणि कुंभारीण माशी तर एवढेसे भोक सापडले तरी आत मातीचे घर बांधते. प्रत्येक भोकाला बारीक जाळी लावावी. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा पेटीतला संरक्षक कामी येतो. तोही झिजतो, त्याच्यावरची खूण दर वर्षी पाहावी.

त्या जुन्या अमेरिकी पेट्यांत कधी कधी तीन तबकड्या असत. सकाळच्या गर्दीची एक, संध्याकाळच्या गर्दीची एक, मधल्या वेळेची एक. खटका फिरवला की दुसऱ्या तबकडीचा अंमल सुरू. कोकण रेल्वे दर जूनमध्ये पावसाळी वेळापत्रकावर जाते आणि पाऊस सरला की परत येते, तसेच हे. इथल्या घरालाही तीन तबकड्या लागतात, मग त्या लोखंडाच्या असोत की मायक्रोकंट्रोलरमध्ये लिहिलेल्या. पहिली उन्हाळ्याची, थोडा उपसा आणि लांब विसावा. दुसरी पावसाळ्याची, दिवसातून एकदा टाकी भरली की झाले. पंपाला चिंता विहिरीची नाही, विजेची. तिसरी गणपतीची. चार माणसांच्या घरात चाकरमानी येऊन वीस होतात, पहाटे चारपासून न्हाणीघर चालू, रात्री भजन संपेपर्यंत खळ्यातले दिवे चालू. भाद्रपदात विहीर तुडुंब असते, म्हणून या तबकडीवर विसाव्याची घरे जवळजवळ नाहीत. लगाम असतो तो टाकीच्या फ्लोटचा आणि रिकाम्या टाकीवर गीझर चालू न देणाऱ्या कार्डाचा.

गौरी-गणपतीचे विसर्जन झाले, मुंबईच्या गाड्या निघाल्या, की पेटी उघडून खटका दुसऱ्या तबकडीवर आणायचा. दार उघडलेच आहे तर आत कुंभारणीने घर केले आहे का, तेही पाहून घ्यायचे.